उंदीरमामाचा दुसरा कान

दुर्वांकुर मंडळाचा उंदीर गणपतीपेक्षा मोठा होता, आणि हा दोष सर्वस्वी शैलाताईंच्या यजमानांचा. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, वर्तमानपत्रांचा लगदा आणि निवृत्त माणसाचा उत्साह एवढ्या भांडवलावर त्यांनी आधी कान केले. मग कानांना शोभेल असं डोकं, मग डोक्याला शोभेल असं अंग. वर्षभर तो त्यांच्या गराजमध्ये राहायचा आणि गाडी बाहेर पावसात. सिडनीतल्या कॅसल हिलच्या हॉलमध्ये गणपती टेबलावर आणि उंदीरमामा खाली बसवला, तरी फोटोत पहिला दिसायचा तो उंदीरच.

या उंदराच्या कानात इच्छा सांगायला रांग लागायची. रीत सगळ्यांना ठाऊक: एका कानात बोलायचं आणि दुसरा कान हाताने झाकून धरायचा. नाहीतर इच्छा इकडून आत जाते नि तिकडून बाहेर पडते, देवापर्यंत पोचतच नाही. पण या उंदराचे कान इतके फाकलेले, की एका कानाशी तोंड नेलं तर दुसऱ्यापर्यंत हात पोचेना. म्हणून मंडळाचे अध्यक्ष चंद्रहासकाका दरवर्षी पलीकडे उभे राहायचे. तळवा कानावर, डोळे मिटलेले, चेहरा असा की हे जगात नाहीतच.

सुनेत्रा सिडनीत नवी होती तेव्हा 'लोकल एक्स्पिरियन्स नाही' म्हणून कुणी तिला नोकरीसाठी दारात उभं करत नव्हतं. तिने उंदीरमामाच्या कानात सांगितलं आणि गौरीविसर्जनाच्या आत एका विमा कंपनीचा फोन आला. तेव्हापासून ती त्या कंपनीचे डेटाबेस सांभाळत होती. इंजिनिअर बाई, देवभोळी नव्हती. पण उंदराशी वाकडं घेण्याची जोखीमही ती पत्करत नव्हती.

तशी ती कुठलीच जोखीम पत्करत नसे. कोविडच्या त्या दुसऱ्या वर्षी, सिडनीला कुलूप लागलं होतं तेव्हा, ती भाजी साबणाने धुवायची, पार्सल उन्हात ठेवायची आणि रोज अकराची सरकारी पत्रकार परिषद आरतीला बसावं तशी बघायची. चार वर्षांचा ओजस अंगणातून आला की आधी हात, मग कोपर, मग कानामागे. प्रताप, तिचा नवरा, कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत इंजिनिअर. एरवी तो दोन आठवडे तिथे, एक आठवडा घरी असा विमानाने ये-जा करायचा. पण पश्चिम ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केली आणि तो तिकडेच अडकला. तिथे एकही रुग्ण नव्हता. लोक पबमध्ये मिठ्या मारत होते. प्रताप व्हिडिओवर म्हणायचा, "इथे कोविड फक्त टीव्हीवर असतो गं."

"मग तिथेच टीव्ही बघ," ती म्हणायची. तो हसायचा. ती हसत नसे.

गणपती जवळ आले तशी चंद्रहासकाकांनी झूमवर घोषणा केली, "हॉल बंद, रांग बंद. पण उंदीर बंद नाही. सुनेत्रा, उंदीर ऑनलाइन कर."

"काका, म्हणजे काय करू?"

"ते तुला कळतं. लोकांनी घरबसल्या कानात सांगावं, आणि ते देवाशिवाय कुणाला कळू नये."

पान बनवायला तिने ऑफिसातल्या रॉनीला धरलं. रॉनी मूळ वसईचा, राहायचा ब्लॅकटाउनला. उंदराचा फोटो बघून तो म्हणाला, "आमच्यात कन्फेशनला फादर असतो, माणसाच्या साइजचा. हा काय, ट्रकच्या साइजचा फादर?" पण काम चोख केलं. इच्छा टाइप करताना एका अंगठ्याने उंदराचा दुसरा कान दाबून धरावा लागे. अंगठा सुटला की बटण विझे. काकांनी नाव आणि राहण्याचा सबर्बही भरून घ्यायला लावलं. "देवाला पत्ता नको का?"

आत सगळं सुनेत्राचं. इच्छा पेटीत जातानाच कुलूपबंद व्हायची, किल्ली फक्त तिच्याकडे. कुणी अख्खी पेटी चोरून नेली तरी हाती नुसता गिचमिडाच यावा, असं तिने केलं होतं. ऑफिसात तिला यासाठीच नावाजत.

पहिल्याच दिवशी पान दोनदा अडकलं. आपल्यामुळे कुणाचा नवस वाटेत राहिला तर? तिने सर्व्हरला आज्ञा दिली: तुला जे कोणी जे काही सांगेल ते शब्द न् शब्द रोजनिशीत लिहून ठेव. या रोजनिशीला लॉग म्हणतात. काही बिघडलंच तर त्यात बघून कळावं की नेमकं कुठे. शिवाय काकांचा धोशा होता, "समितीला रोज रिपोर्ट पाहिजे." तर तिने तो लॉगच रोज पहाटे आपोआप समितीच्या ईमेलवर जाईल अशी सोय करून टाकली. मंडळाच्या ईमेलवर आलेलं कधी कुणी वाचल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

मग तिने स्वतःही अंगठा दाबून धरला. प्रतापने आदल्याच रात्री सांगितलं होतं की तो गणपतीला येतो आहे. सुट्टी टाकली आहे, पर्थहून विमान आहे, परत जायला मिळालं नाही तर पुढचं पुढे. दोन विमानतळ, बंद केबिन, खोकणारे लोक, आणि या टोकाला डेल्टा दबा धरून बसलेला. तिने लिहिलं: "प्रतापला घरी येऊ देऊ नकोस. तो तिथेच बरा आहे." बटण दाबलं आणि तिला बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागली.

आणि मग उंदीर पावायला लागला.

पलीकडच्या गल्लीतल्या कादंबरीने नवऱ्याचं घोरणं थांबू दे असं मागितलं होतं. तिच्या दारात नाकाला लावायच्या पट्ट्यांचं खोकं येऊन पडलं, पाठवणाऱ्याचं नाव नाही. वेदच्या आईला मुलगा प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या सिलेक्टिव्ह शाळेत जायला हवा होता. तिला एका निवृत्त गणिताच्या मास्तरांचा फोन आला, "मी सहज विचारतोय, वेदला फुकट शिकवू का?" शेजारचा कुत्रा भुंकतो म्हणून एकाने गाऱ्हाणं घातलं, तर कुंपणावरून कुणीतरी रोज त्या कुत्र्याला चकली टाकायला लागलं. कुत्रा गप्प झाला. मात्र चकलीची वेळ टळली की घरभर रडायचा.

"जागृत आहे गं," कादंबरी फोनवर कुजबुजली. "आईशप्पथ. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही, तो झोपलेला होता."

बातमी मेलबर्नला गेली. तिकडून इच्छांचा लोंढा सुरू झाला. रॉनीने मेसेज टाकला, "मी पण एक टाकू का? आमच्या धर्मात चालतं का विचारतो."

सुनेत्राला अभिमानही वाटत होता आणि मानेवर काहीतरी सरपटल्यासारखंही होत होतं. तेवढ्यात प्रतापचा फोन आला.

"अगं, तुमच्या चंद्रहासकाकांचा फोन येऊन गेला. म्हणाले, सध्या पूर्वेकडचा प्रवास तुला चांगला नाही, ग्रहमान बरं नाही, तिथेच राहा."

"काका? ते तर पत्रिका मानत नाहीत."

"तेच म्हटलं मी. तर म्हणाले, मी मानत नाही, पण समिती मानते."

सुनेत्राने फोन ठेवला. ओजसला तिने कार्टून लावून दिलं, लॅपटॉप उघडला, समितीला रोज जाणारी ती फाइल उघडली. आणि तिथे, तारीख-वेळेसकट, जगातल्या सर्वांत आज्ञाधारक कारकुनाने लिहावं तसं लिहिलेलं होतं: सुनेत्रा, कॅसल हिल, 'प्रतापला घरी येऊ देऊ नकोस. तो तिथेच बरा आहे', हा मजकूर अमुक किल्लीने कुलूपबंद कर. खाली किल्लीही.

पेटीला कुलूप होतं, त्यात चूक नव्हती. पण कुलूप लावण्याचा हुकूमच सर्व्हरने मोठ्याने बोलून उतरवून घेतला होता, मजकुरासकट नि किल्लीसकट. ऑफिसात नव्या पोरांना ती हेच पहिल्या दिवशी शिकवायची. बाकीच्या ओळींवर नजर जाण्याआधी तिने फाइल मिटली. लॉग बंद केला, मेल बंद केला, किल्ली बदलली आणि रॉनीला फोन लावला.

सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे पुढचा कान आपण अंगठ्याने दाबला, आणि मागून लाउडस्पीकर लावला."

"रॉनी, प्लीज."

"नाय, मी काय बोलतो, आमचा फादर ऐकतो. पण लॉग ठेवत नाय."

काकांना फोन लावून तिने आलेले मेल डिलीट करायला सांगितले, तर ते घाईत होते. "डिलीट? कसलं डिलीट? अगं, आत्ताच मीटिंग आहे, तू पण ये. तुझीच गरज आहे."

झूमवर दोनच चौकोन होते. एकात चंद्रहासकाका, शर्ट-टायमध्ये. दुसऱ्यात चिटणीस शैलाताई, आणि त्यांच्यामागे गराजमध्ये उंदराची शेपटी.

"काका, ते जे मेल येतात ना, ते चुकून येतात. ते वाचायचे नसतात."

"समितीकडे कागद आला की त्यावर कार्यवाही करायची," काका म्हणाले. "मी जन्मभर जिल्हा परिषदेत काढला. आलेला कागद दाबून ठेवण्याचं पाप माझ्या हातून झालं नाही. ब्लॅकटाउनला रुग्ण जास्त, जायला बंदी आहे म्हणून तिथले अर्ज पोस्टाने निकाली काढले. एकच फेटाळला. कुणीतरी मागितलंय, 'मॅनेजरला कोविड होऊ दे, फार नको, वास जाण्यापुरता.'"

"तो मीच फेटाळला," शैलाताई म्हणाल्या. "आता या दोन अर्जांचं बघा. यांचं काही जमेना."

काकांनी चष्मा लावला. "अर्जदार, स्त्री, कॅसल हिल. मागणी: पतीला घरी येऊ देऊ नये."

"काका, मी इथेच बसलेय."

"मी नाव घेतलेलं नाही. गोपनीयता पाळतो आपण."

शैलाताई कॅमेऱ्यात पुढे वाकल्या, आता पडद्यावर फक्त त्यांची काळजी दिसत होती. "सुनेत्रा, खरं सांग हो. मारतो का तो?"

"नाही हो!"

"पितो?"

"ताक."

"मग बाई आहे का तिकडे कुणी?"

"शैलाताई, मला भीती वाटते म्हणून लिहिलं. विमानाची. हवेची. बाकी काही नाही."

"हे अर्जात नमूद नाही," काका म्हणाले. "आम्ही मागणी मान्य करून पतीला फोन केला. आणि आज सकाळी हा दुसरा आला. अर्जदार, पुरुष, कालगुर्ली." त्यांनी घसा साफ केला. "'मी घरी गेलो की सुनेत्राने मला गराजमध्ये न ठेवता आत घ्यावं. ओजस मला स्क्रीनच समजायला लागलाय. परवा बोलता बोलता त्याने मला बोटाने बाजूला सरकवलं.'"

सुनेत्राने गराज खरोखरच तयार करून ठेवलं होतं: गादी, केटल, आणि दारापर्यंत खडूची रेघ. ही गोष्ट तिने प्रतापला सांगितली नव्हती. उंदरालाही नाही.

"लोकांचं हे असं वाचणं चुकीचं आहे, काका," ती अखेर म्हणाली. "लोकांनी विश्वासाने सांगितलंय. दुसरा कान झाकलेला आहे असं समजून."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सुनेत्रा, इतकी वर्षं त्या दुसऱ्या कानावर हात कुणाचा असायचा?"

"तुमचा."

"उंदीर आतून पोकळ आहे, बाळा."

तिला आधी कळलंच नाही. मग विमा कंपनीचा तो फोन आठवला. तिने कुठे अर्जच केला नव्हता त्या कंपनीत. आपला बायोडेटा त्यांच्याकडे कसा गेला, हे कोडं तिने उंदरावर सोडून दिलं होतं.

"माझा भाचा होता तिथे," काका म्हणाले. "कान झाकला तरी तळव्याला ऐकू येतं. आणि एकदा ऐकल्यावर काही न करता घरी जाऊन मोदक खायचे? ते मला जमलं नाही. म्हणून तुझा पहिला मेल आला तेव्हा मला वाटलं, वा! पोरीने माझी पण सोय केली."

रागवावं की पाया पडावं हे सुनेत्राला ठरवता येईना. ऑफिसात असं कुणी केलं असतं तर दुपारपर्यंत त्याचं ओळखपत्र काढून घेतलं असतं. ती म्हणाली, "मेल बंद केलेत मी. आता येणार नाहीत."

"मग पावणार कोण?" शैलाताईंनी विचारलं. त्या खरंच विचारत होत्या.

"या दोन अर्जांवर आज निर्णय घेऊ," काका म्हणाले, "आणि संध्याकाळच्या आरतीनंतर दोघा अर्जदारांना एकाच मेलने कळवू. दोन्ही मागण्या वर उद्धृत करून. पद्धत आहे ती."

म्हणजे तिच्याकडे आरतीपर्यंतचा वेळ होता. त्यानंतर प्रताप ती ओळ वाचणार होता, अशी, नागडी: पतीला घरी येऊ देऊ नये.

आधी तिने मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं की तुमच्या इच्छा समितीला वाचता येत होत्या, चूक माझी आहे, आता कायमची बंद केली आहे, माफ करा. आकाश कोसळेल म्हणून ती डोळे मिटून बसली. पहिलं उत्तर आलं, "वाचलं ते ठीक आहे, पण माझं काम का नाही झालं?" दुसरं, "बंद का केलं? माझं अजून एक होतं." पार्टनरशी बिनसल्याचं लिहिणारी उर्वी तेवढी रागावली, आणि सुनेत्राला तिचंच म्हणणं सर्वांत बरोबर वाटलं. तिने उर्वीला फोन करून वेगळी माफी मागितली.

मग प्रतापला. तो खाणीच्या कॅम्पवर होता, मागे ट्रक रिव्हर्सचा सूर लावत होता.

"तुला एक सांगायचंय. तू येऊ नयेस असं मी उंदराला सांगितलं होतं."

ट्रक थांबला. पुन्हा सुरू झाला.

"काकांचं ग्रहमान म्हणजे तू होतीस?"

"घाबरून, प्रताप. तू विमानात बसलास की मला तुझ्या शेजारचा माणूस दिसतो. खोकणारा. रोज दिसतो."

"म्हणजे देवाला सांगितलंस. उंदराला सांगितलंस. समितीलाही सांगितलंस. मला नाही सांगितलंस."

"तुला सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास."

"हो. घातला असता. नवरा-बायको घालतात." तो थांबला. "मग आता काय? येऊ की नको येऊ?"

तिला दोन्ही म्हणायचं होतं. एकाच वेळी, एका दमात. जे तोंडातून निघालं ते ना धड हे, ना धड ते. "शिफ्ट आहे," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

आरतीनंतर मेल आला. दोन्ही मागण्या उद्धृत केलेल्या. खाली ठराव: 'पतीने यावे. तथापि पत्नीची भीती निवळेपर्यंत चिटणीसांच्या गराजमध्ये मूषकासोबत मुक्काम करावा. जेवणाची व्यवस्था समिती करेल.' प्रतापचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सुनेत्राने अकराची पत्रकार परिषद लावली आणि आकडे काय सांगितले ते तिला नंतर आठवेना.

विसर्जनाच्या आधी एका सकाळी शैलाताईंचा मेसेज आला: "पाहुणा आलाय. टेस्ट करून आलाय. पोहे खाल्ले. उंदराला पाठ टेकून झोपलाय."

शैलाताईंचं घर टाळेबंदीत फिरायला मुभा असलेल्या पाच किलोमीटरच्या आत होतं. मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालतात त्या दिवसांत सगळे घालतात तशी टोपी, तीवर मागे चिकटवलेले दोन डोळे, तोंडाला मास्क, खिशात सॅनिटायझर, हाताशी ओजस, असा सुनेत्राचा मोर्चा ड्राइव्हवेवर पोचला. गराजचं शटर वर गेलं. उंदीरमामाचं तोंड रस्त्याकडे होतं आणि त्याच्या डाव्या कानाखाली प्रताप उभा होता, दाढी वाढलेला, चुरगळलेल्या शर्टात.

ओजसने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग बोट उचललं आणि हवेत, डावीकडून उजवीकडे, त्याला सरकवलं.

प्रताप जागचा हलला नाही. ओजसने पुन्हा सरकवलं. मग आईकडे वळून म्हणाला, "मम्मा, ही इज स्टक."

"हो रे," सुनेत्रा म्हणाली. "अडकलाय."

ती पुढे गेली, पण प्रतापकडे नाही. पाय आपोआप उंदराच्या उजव्या कानाकडे वळले. त्या फाकलेल्या कानांत दीड मीटरपेक्षा जास्त अंतर होतं, सरकारी नियमाला धरून. तिने मास्क नीट केला आणि कानाशी तोंड नेलं. पलीकडे प्रताप बघत होता. दुसरा कान झाकायला त्याने हात वर केला, मग हात खाली घेतला आणि लगद्याच्या त्या कानाला आपला कान लावला.

ती बोलली. विमानाबद्दल, खोकणाऱ्या माणसाबद्दल, गराजमधल्या खडूच्या रेघेबद्दल. तो तिकडे कालगुर्लीत सुखरूप आहे याचा आनंद व्हायचा, आणि तसा आनंद होतो याची लाज वाटायची, हेही.

आतून, जाळीतून, जुन्या बातम्यांच्या लगद्यातून त्याचा आवाज आला. "शेवटचं नीट ऐकू नाही आलं. मोठ्याने बोल."

"घरी चल म्हटलं. आत. गराजमध्ये नाही."

"खडूची रेघ?"

"पुसते."

ओजस मधल्या मध्ये उंदराच्या नाकावर चढला होता आणि अजूनही बोटाने बापाला सरकवून बघत होता, आता हसत हसत. फूटपाथवर चंद्रहासकाका येऊन उभे राहिले होते, मास्कमध्ये, पिशवीत कुत्र्याची चकली. सवयीने त्यांचा तळवा दुसऱ्या कानाच्या दिशेने उचलला गेला. तिथे प्रतापचा कान होता. हात तसाच हवेत ठेवून त्यांनी विचारलं, "मग दोन्ही अर्ज निकाली समजायचे ना?"